चेंडू काखेत, जीव मुठीत

पत्र थोडक्यात असं आहे. टेक्सासात डॅलसजवळच्या उपनगरात राहणारे एक वडील लिहितात. वय ४९, सॉफ्टवेअरमधली नोकरी, मूळ गाव सांगली जिल्ह्यातलं. धाकटा मुलगा सतरा वर्षांचा, जन्म तिकडचाच. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात तो रनिंग बॅक आहे आणि ऑगस्टमध्ये त्याचं शाळेचं शेवटचं वर्ष सुरू होतंय. गेल्या मोसमात २१४ वेळा चेंडू घेऊन धावला, संघात सगळ्यांत जास्त. ऑक्टोबरमध्ये डोक्याला मार बसून कन्कशन झालं, म्हणजे मेंदूला धक्का बसला, दोन सामने बाहेर बसावं लागलं.

आता तीन ठिकाणांहून विचारणा आहे. एका मोठ्या राज्य विद्यापीठाचा कोच म्हणतो, संघात जागा देतो, पैसे मात्र देणार नाही. एका मध्यम विद्यापीठाने अर्धी स्कॉलरशिप देऊ केली आहे. आणि तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यांत खालच्या गटात, खेळणाऱ्या, पण इंजिनिअरिंगसाठी चांगलं नाव असलेल्या एका कॉलेजचा कोच दर रविवारी फोन करतो. मुलाला पहिल्याच ठिकाणी जायचंय, कारण ‘एनएफएलमध्ये (तिकडच्या व्यावसायिक लीगमध्ये) तिथूनच जातात’. वडिलांना तिसरं पटतं. पण खरं म्हणजे त्यांना हा खेळच आता थांबायला हवाय. आई मुलाच्या बाजूने. आजी सांगलीहून रोज फोनवर विचारतात, ‘अजून ती मारामारी चालूच आहे का?’ वडिलांचे प्रश्न तीन: रनिंग बॅक म्हणून करिअर होतं का? मी ठामपणे नाही म्हणू का? आणि माझ्या आईला, म्हणजे त्याच्या आजीला, काय सांगू?

*

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले, कारण काहीतरी खटकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. पत्रात मुलाचं वजन आहे, उंची आहे, एसएटी या प्रवेश परीक्षेचा स्कोअर आहे, तिन्ही कॉलेजांची वर्षाची फी डॉलरमध्ये आणि एका ठिकाणी तर चक्क रुपयांतही आहे. पण तो धावतो कसा, हे चार पानांत कुठेच नाही. तुम्ही त्याचे किती सामने पाहिलेत हे मी विचारत नाही. ते तुम्हाला माहीत आहे, आणि त्यालाही.

हे तूर्त बाजूला ठेवू. आधी तुमचा पहिला प्रश्न, कारण तो इतर वाचकांनीही वेगवेगळ्या खेळांच्या नावाने विचारलेला आहे.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. रनिंग बॅक म्हणजे क्वार्टरबॅकच्या, म्हणजे डाव चालवणाऱ्या आणि चेंडू फेकणाऱ्या गड्याच्या, हातून चेंडू घेऊन समोरच्या अकरा जणांच्या भिंतीत शिरणारा गडी. आपल्याकडे कबड्डीत चढाईला जाणारा जसा एकटा सातांच्या अंगणात जातो, तसंच. फरक इतकाच, की कबड्डीत परत यायचं असतं आणि याला परत यायचंच नसतं. तो पुढे पडतो. कुणीतरी शंभर-सव्वाशे किलोचा माणूस त्याला आडवा करतो, तो उठतो, चाळीस सेकंदांत पुन्हा तेच. चांगला रनिंग बॅक एका सामन्यात वीस वेळा हे करतो. म्हणून या जागेवरच्या माणसाचं वय वर्षांत मोजत नाहीत, ‘कॅरी’मध्ये मोजतात. किती वेळा चेंडू घेतला, म्हणजे किती वेळा मार खाल्ला. तुमच्या मुलाचा तो २१४ चा आकडा तुम्ही कौतुकाने लिहिलाय. मी तो वाचताना थोडी दचकले.

आता करिअर. अमेरिकेत शाळेच्या पातळीवर साधारण दहा लाख मुलं फुटबॉल खेळतात. कॉलेजात पोचतात सत्तर-पंचाहत्तर हजार. एनएफएलच्या वार्षिक ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, सात फेऱ्या मिळून अडीचशेपेक्षा थोडे जास्त खेळाडू निवडले जातात, त्यात रनिंग बॅक वीसेक. खेळाडूंच्या संघटनेच्या नावाने नेहमी दिला जाणारा आकडा असा, की एनएफएल खेळाडूची सरासरी कारकीर्द सव्वातीन वर्षांची आणि रनिंग बॅकची अडीचच वर्षांची. लीगला हा हिशेब मान्य नाही. पहिल्या वर्षी मोसमाच्या सुरुवातीला संघात नक्की झालेले खेळाडू धरले तर सरासरी सहा वर्षं निघते, असं त्यांचं म्हणणं. दोघंही आपापल्या परीने खरं बोलतात. संघटनेच्या सरासरीत आले आणि गेले असे पुष्कळ जण असतात. पण तुमच्या कामाचा आकडा वेगळाच आहे: लीगच्या पेन्शनचा हक्क मिळायला तीन मोसम भरावे लागतात. अडीच आणि तीन यांच्यातल्या फटीत किती जण पडले असतील, त्याचा विचार तुम्ही करा, तुम्हाला गणित आवडतं.

आणि जे टिकतात, त्यांचंही काय होतं बघा. टॉड गर्ली हे नाव मुलाला विचारा, तो लगेच सांगेल. जॉर्जिया विद्यापीठात असताना गुडघ्याचा लिगामेंट तुटला, तरी २०१५ च्या ड्राफ्टमध्ये दहावा. २०१७ मध्ये लीगचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू. २०१८ च्या उन्हाळ्यात चार वर्षांचा करार, ५ कोटी ७५ लाख डॉलर. त्याच मोसमाच्या शेवटी गुडघा कुरकुरायला लागला, आणि मार्च २०२० मध्ये संघाने त्याला सोडून दिलं. तेव्हा तो पंचविशीत होता. आणखी एक वर्ष दुसरीकडे खेळला आणि संपलं. तुमच्या ऑफिसात पंचवीस वर्षांच्या मुलाला अजून ‘ज्युनिअर’ म्हणतात.

यात नुसतं शरीर दोषी नाही, बाजाराचीही रचना अशी आहे की रनिंग बॅकने ऐन भरात असताना स्वस्तात खेळावं. २०११ मध्ये लीग आणि खेळाडू यांच्यात जो करार झाला, त्यात ड्राफ्टमधून आलेल्या नव्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा झाला. रक्कम जवळपास ठरलेली, आणि पहिली तीन वर्षं ती वाढवून मागता येत नाही. मुलगा बाविसाव्या वर्षी येतो, सव्विसाव्या वर्षी मोकळा होतो. एखाद्या क्वार्टरबॅकला सव्विसाव्या वर्षी खरे पैसे सुरू होतात. रनिंग बॅकला त्याच वयात ऐकवलं जातं, ‘पाय थकले रे तुझे.’ वर संघाकडे फ्रँचायझी टॅग नावाचं हत्यार असतं: खेळाडूला बाजारात जाऊ न देता एक वर्ष ठरलेल्या रकमेवर रोखून धरायचं. लेव्हिऑन बेल या पिट्सबर्गच्या खेळाडूने २०१८ मध्ये त्यावर सही केली नाही, अख्खं वर्ष घरी बसला, सुमारे १ कोटी ४५ लाख डॉलरवर पाणी सोडलं. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क जेट्सने मोठा करार दिला खरा, पण तोही दीड वर्षात आटोपला. २०२३ मध्ये सॅक्वॉन बार्कलीवर तीच वेळ आली. त्याने कुरकुरत एक वर्ष काढलं, मग फिलाडेल्फियाला गेला आणि २०२४ च्या मोसमात २,००५ यार्ड धावून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. त्या दिवशी त्याचा अठ्ठाविसावा वाढदिवस होता. तुमच्या मुलाच्या खोलीत बहुतेक याचंच पोस्टर असेल. बेलचं कुणी लावत नाही.

आता तुम्ही मान हलवत असाल: बघ, ताईसुद्धा माझ्याच बाजूने. जरा थांबा.

फ्रँक गोर नावाचा एक रनिंग बॅक होता. मायामी विद्यापीठात असताना त्याचे दोन्ही गुडघे, एकामागोमाग एक, फाटले. ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीपर्यंत थांबावं लागलं. तो माणूस सोळा मोसम खेळला, २००५ ते २०२०, आणि बरोबर सोळा हजार यार्डांवर थांबला. इतिहासात त्याच्या पुढे दोघंच आहेत. त्यातला पहिला तुमच्याच गावचा म्हणायचा, डॅलस काउबॉइजचा एमिट स्मिथ: १८,३५५ यार्ड, ४,४०९ कॅरी. म्हणजे सरासरी कुणाच्या कपाळावर लिहिलेली नसते. मुलाला हे माहीत आहे. तुम्ही त्याला अडीच वर्षांचा आकडा दाखवाल, तो तुम्हाला गोर दाखवेल, आणि जेवण गार होईल. आकड्यांनी हा वाद सुटणार नाही, कारण तुम्ही दोघं ज्या गोष्टीवर भांडताय ती अजून ताटात वाढलेलीच नाही.

एनएफएलचा नियम आहे की शाळा संपल्यावर तीन वर्षं होईपर्यंत ड्राफ्टमध्ये नाव देता येत नाही. ओहायो स्टेटचा मॉरिस क्लॅरेट हा रनिंग बॅक यावर कोर्टात गेला होता. पहिल्या वर्षीच संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा मुलगा. २००४ मध्ये खालच्या कोर्टात जिंकला, अपिलात हरला. म्हणजे पुढची तीन वर्षं तुमच्या मुलापुढे करिअरचा प्रश्न नाहीच. तो आज निवडतोय ते फक्त कॉलेज. तुम्ही मात्र त्याच्या एका ‘हो’मध्ये त्याचं चाळिसावं वर्ष वाचताय, आणि तो तुमच्या एका ‘नाही’मध्ये त्याचं अख्खं आयुष्य. दोघंही घाईत आहात.

एक गृहीत तुमचं अजून आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं: फुटबॉल किंवा इंजिनिअरिंग, एकच. हे कोणी ठरवलं? एमआयटीचा फुटबॉल संघ आहे. कार्नेगी मेलनचा आहे, जॉन्स हॉपकिन्सचा आहे. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळतात, दर शनिवारी, अगदी हेल्मेट घालून. आयव्ही लीगमधले, म्हणजे हार्वर्ड, येल वगैरे आठ जुन्या विद्यापीठांचे संघ, तर पहिल्या डिव्हिजनमध्ये आहेत. खेळाची स्कॉलरशिप तिथे मिळत नाही, पण उत्पन्न बघून मदत मिळते आणि कोचने नाव सुचवलं तर प्रवेशाला हातभार लागतो. त्यातल्याच डार्टमथमध्ये बडी टीव्हन्स नावाचे कोच होते. त्यांनी २०१० मध्ये आपल्या सरावातलं टॅकल बंदच करून टाकलं: आपल्याच पोरांनी आपल्याच पोरांना कशाला आडवं करायचं? मग टॅकल शिकवायचं कसं? तिथल्याच इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी मैदानभर पळणारा, रिमोटवर चालणारा एक पुतळा बनवला, त्याला आडवा करायचं. २०१५ मध्ये या संघाने आयव्ही लीगचं विजेतेपद वाटून घेतलं, आणि पुढच्याच वर्षी लीगच्या सगळ्या कोचनी मिळून मोसमातल्या सरावातलं टॅकल काढून टाकलं. त्या पुतळ्याचा व्हिडिओ बापलेकांनी शेजारी बसून बघा. एका विषयावर दोघांची आवड जुळण्याची संधी रोज येत नाही.

आता तीन दारांबद्दल. माझं मत स्पष्ट सांगते.

मोठ्या विद्यापीठाच्या ज्या दारावर त्याचा जीव जडलाय, ते मला सगळ्यांत कमी आवडलं. पैसे न घेता संघात आलेल्या रनिंग बॅकला तिथे पहिली दोन-तीन वर्षं बहुधा स्काउट टीमवर ठेवतात. म्हणजे येत्या शनिवारचा प्रतिस्पर्धी जसा धावतो तसं सरावात धावायचं आणि आपल्याच पहिल्या फळीच्या बचावाचा मार खायचा. कॅरी खर्च होतात, पण कुठल्या हिशेबात लागत नाहीत. यातून वर आलेली मुलं आहेत, नाही असं नाही. पण ‘तिथूनच जातात’ हे त्याचं म्हणणं खरं नाही, हे त्याला त्याच्याच भाषेत सांगता येईल. ऑस्टिन एकलर कोलोरॅडोच्या डोंगरातल्या एका छोट्या, दुसऱ्या डिव्हिजनच्या कॉलेजात खेळला. २०१७ मध्ये कुणी ड्राफ्टही केला नाही. पुढे एनएफएलच्या चार्जर्स संघाकडून खेळताना २०२१ आणि २०२२, दोन्ही वर्षी टचडाउनच्या, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेण्याच्या, यादीत तो सगळ्यांत वर होता. जिथे चेंडू हातात मिळतो तिथली चित्रफीत बघायला एनएफएलवाले येतात. बाकावर बसलेल्याची चित्रफीत नसते.

अर्ध्या स्कॉलरशिपचं दार मोहाचं आहे. तिथे कागद नीट वाचा. ती दर वर्षी नव्याने द्यायची आहे की चार वर्षांची? गुडघा गेला आणि खेळ थांबला तर ती चालू राहते का, आणि हे कोचच्या तोंडी आहे की लेखी? ज्याने बोलावलं तो कोच नोकरी बदलून गेला तर? आणि इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळा दुपारी असतात, सरावही दुपारीच असतो. सध्याच्या संघातले किती जण इंजिनिअरिंग करतात, त्यांची नावं मागा आणि एकाला फोन करा. फोन मुलाने करायचा. तुम्ही शेजारीही उभं राहायचं नाही. रॉबर्ट स्मिथ हा गाजलेला रनिंग बॅक ओहायो स्टेटमध्ये डॉक्टर व्हायच्या विचाराने शिकत होता. अभ्यास आणि सराव यांच्या वादात १९९१ चा अख्खा मोसम तो संघाबाहेर राहिला. नंतर एनएफएलमध्ये आठ वर्षं खेळला आणि दीड हजार यार्डांचा मोसम काढून, अठ्ठाविसाव्या वर्षी, कुणी काढायच्या आत स्वतःहून बाहेर पडला.

तिसरं दार मला आवडतं. पण तुम्हालाही तेच आवडतं, आणि घोटाळा नेमका तिथे आहे. तुम्ही जितकं पुढे ढकलाल तितका तो मागे सरेल. रविवारचे फोन तो घेतो आहे ना? घेऊ द्या. तुम्ही त्या कॉलेजचं नाव पुढचे दोन महिने घरात काढू नका.

जाता जाता, दुसऱ्या वाचकांसाठी एक. तुमचा मुलगा तिकडे जन्मला म्हणून हा प्रश्न तुम्हाला नाही. पण ज्यांची मुलं अजून एच-४ वर, म्हणजे पालकांच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या व्हिसावर आहेत, त्यांनी लक्ष द्या. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातीचे वगैरे पैसे घेता येतात, आणि आता विद्यापीठंही थेट पैसे देऊ लागली आहेत. एच-४ वरच्या मुलाला काम करून कमवायची परवानगी नसते. इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय कोपऱ्यावरच्या पिझ्झावाल्याचे पन्नास डॉलरही घेऊ नका. आणि एकविसाव्या वर्षी तो व्हिसा संपतो, कॉलेजच्या ऐन मध्यावर, हेही कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आता डोकं. तुमच्या पत्रात हे एका ओळीत येऊन जातं आणि फीचे आकडे अर्धं पान घेतात. मला वाटतं, तुमची खरी भीती ती एक ओळ आहे आणि ती बोलायला जड जातं म्हणून तुम्ही पैशांबद्दल बोलताय. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. एनएफएल खेळलेल्या १११ पैकी ११० जणांच्या मेंदूत सीटीई हा, डोक्याला वारंवार धक्के बसून मेंदू झिजण्याचा, आजार सापडला. हा आकडा ऐकून घाबरायला होतं, पण तो नीट वाचायला हवा. ज्यांच्यात लक्षणं दिसली अशांच्याच घरच्यांनी बहुतेक मेंदू दान केले होते, त्यामुळे शंभरातल्या नव्व्याण्णवांना होतो असा त्याचा अर्थ नाही. त्याच अभ्यासात फक्त शाळेपर्यंत खेळलेले १४ जण होते, त्यांतल्या तिघांत तो सापडला. कॉलेजपर्यंत खेळलेल्या ५३ पैकी ४८ जणांत. जितकी वर्षं जास्त, तितका धोका जास्त, आणि नुसतं कन्कशन मोजून चालत नाही. रोजचे छोटे धक्केही धरायचे. आजार जिवंतपणी नक्की सांगता येत नाही. म्हणून कुठल्याही कॉलेजला पहिला प्रश्न हा विचारा, की आठवड्यात किती दिवस पूर्ण टॅकलचा सराव असतो. टीव्हन्सांची गोष्ट मी उगीच नाही सांगितली.

इथे तुम्ही ‘नाही’ म्हणू शकता, आणि माझ्या मते म्हणायलाच हवं, पण आत्ता आणि अट घालून. टेक्सासात २०११ पासून कायदा आहे: शंका आली की खेळाडू त्याच दिवशी बाहेर, डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय परत नाही. त्यावर घरचा एक नियम तुम्ही घाला. मोसमाआधी त्याची बेसलाइन चाचणी, म्हणजे मार बसण्याआधी मेंदू कसा चालतो याची नोंद, करून घ्या, म्हणजे पुढे तुलना करता येईल. आणि दुसरं कन्कशन झालं तर हा मोसम तिथेच संपला, यावर जुलैत, शांत डोक्याने, तिघांनी हो म्हणा. ऑक्टोबरात, सामन्याच्या आदल्या रात्री, हे बोलणं कुणालाच जमत नाही. आणि हे सांगताना पगार, पेन्शन, सरासरी यातलं काहीही काढू नका. ‘मला तुझ्या डोक्याची भीती वाटते’ एवढंच म्हणा. सतरा वर्षांच्या मुलाला बापाची भीती समजते. बापाचं एक्सेल समजत नाही.

पदवीबद्दल काळजी असेल तर एमिट स्मिथची एक गोष्ट हाताशी ठेवा. तो तीन वर्षांत फ्लोरिडा विद्यापीठ सोडून एनएफएलमध्ये गेला, पण पदवी पूर्ण करीन असा आईला शब्द दिला होता. १९९६ मध्ये, तीन सुपर बोल जिंकून झाल्यावर, त्याने ती पूर्ण केली. तुमच्या घरात शब्द मागायचा हक्क मुलाच्या आईचा आहे. ती त्याच्या बाजूची आहे, म्हणून तिला तो देईल.

आणि आता ते सुरुवातीचं. रनिंग बॅककडे सगळे चेंडू असताना बघतात. मोसमातल्या पहिल्या शुक्रवारी लवकर निघा, वर जागा धरा, फोन खिशात ठेवा आणि त्याच्याकडे चेंडू नसताना बघा. क्वार्टरबॅक फेकायला मागे सरतो तेव्हा तो कुठे उभा राहतो? समोरून धावत येणाऱ्या लाइनबॅकरला, म्हणजे बचावातल्या गड्याला, आपल्यापेक्षा वीस किलोने जड, अंगावर घेतो की बाजूला सरून हात लावल्यासारखं करतो? नव्या रनिंग बॅकला वरच्या पातळीवर संघात ठेवायचं की नाही हे कोच यावरून ठरवतात, यार्डांवरून नाही. सामना संपल्यावर ‘किती धावलास’ विचारू नका. त्या एका खेळीबद्दल विचारा. आणि मग, गाडीत, हेही: ‘चेंडू तुला दोन वर्षं मिळालाच नाही, तरी खेळशील?’ त्याचं उत्तर लगेच आलं नाही तरी चालेल. मोठ्या विद्यापीठाच्या दाराचा निकाल त्या उत्तरात आहे, आणि तो त्याने लावलेला बरा.

राहिल्या आजी. सांगलीच्या बाईला तुम्ही ‘अमेरिकन फुटबॉल’ समजावत बसलात हीच चूक झाली. सांगा, नातू चढाईला जातो. त्या विचारतील, धरला गेला तर? सांगा, मग सूनबाई रात्री दोन्ही खांद्यांवर फ्रीजरमधल्या मटारच्या पिशव्या ठेवते. पत्रात तुम्ही हे कंसात लिहिलंय. त्या मटारांची नंतर उसळ होते की नाही, हेही त्या विचारतील, तेव्हा उत्तर तयार ठेवा.